कुणाचे मीठ? : नांदेड-लातूरची रेल्वे आणि दोन लंडनी कंपन्या

बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्या मूळ देशाशी एकनिष्ठ असावे काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. एखाद्या कंपनीने कारखाना स्वस्त मजुरीच्या देशात हलवला, नफ्यावरचा कर तिसऱ्याच देशात भरला, किंवा युद्ध सुरू झाल्यावरही शत्रुराष्ट्रातला व्यापार चालू ठेवला, की तिच्या मायदेशातले लोक तिला कृतघ्न म्हणतात. आपल्याकडे मात्र हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. मराठी माणसाला 'कंपनी' हा शब्द भेटला तोच मुळी 'कंपनी सरकार' या जोडशब्दात. जिथे कंपनी परक्यांची म्हणूनच आली, तिथे ती कुणाशी एकनिष्ठ आहे हे कुणी विचारलेच नाही. ती 'त्यांच्याशी' एकनिष्ठ असणार आणि आपल्याशी नसणार, हे गृहीतच होते.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहायचे आहे. त्यासाठी नांदेड आणि लातूर ही दोन गावे सोयीची आहेत. दोन्ही गावांना पहिली आगगाडी दिली ती लंडनमध्ये नोंदलेल्या कंपन्यांनी. आणि ही दोन्ही गावे त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हती, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्यामुळे इथे राज्यकर्ता इंग्रज आणि प्रजा देशी असा सरळ दुहेरी मामला नाही. एक लंडनची कंपनी, दुसरे ब्रिटिश सरकार, तिसरे निजामाचे सरकार आणि चौथी मराठवाड्यातली रयत, असे चार पक्ष आहेत. निष्ठेचा प्रश्न अशा ठिकाणी अधिक गुंतागुंतीचा होतो, म्हणूनच अधिक स्पष्टही दिसतो.

निष्ठेसाठी मराठीत एक नेमका वाक्प्रचार आहे: खाल्ल्या मिठाला जागणे. त्यात निष्ठा ही जन्माने किंवा रक्ताने ठरत नाही, अन्नाने ठरते. ज्याचे मीठ खाल्ले त्याचे ऋण मानायचे. हा निकष कंपनीला लावायचा तर आधी एक हिशेब करावा लागतो. कंपनी नेमके कुणाचे मीठ खात होती?

नांदेडपासून सुरुवात करू. हैदराबाद संस्थानातली पहिली रेल्वे १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद अशी सुरू झाली. ती निजाम सरकारच्या पैशाने बांधलेली होती. पुढे रेल्वेचा विस्तार करायचा तर मोठे भांडवल हवे होते आणि ते लंडनच्या बाजारात उभे करावे, असे ठरू लागले. १८८३ साली या व्यवहाराला आकार आला. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत दिवाण पहिले सालारजंग वारले. सहावे निजाम महबूब अली खान तेव्हा अल्पवयीन होते. म्हणजे संस्थानाच्या इतिहासातला हा मोठा आर्थिक करार ज्या वर्षी झाला, त्या वर्षी जुना अनुभवी दिवाण हयात नव्हता आणि गादीचा धनी सज्ञान नव्हता.

या योजनेला हैदराबादच्या इतिहासात 'चांदा रेल्वे योजना' म्हणून ओळखतात, कारण तिच्यातला प्रस्तावित मार्ग आजच्या चंद्रपूरकडे जाणारा होता. हैदराबादेतल्या सुशिक्षितांनी तिला हरकत घेतली. त्यांच्यात अघोरनाथ चट्टोपाध्याय हे प्रमुख होते. रसायनशास्त्रात एडिंबरोची डॉक्टरेट मिळवलेले, हैदराबादेत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणारे हे गृहस्थ साहित्याच्या विद्यार्थ्यांना सरोजिनी नायडूंचे वडील म्हणून ठाऊक असतात. त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मुख्य मागणी आज वाचली तर फार सौम्य वाटते. कराराच्या अटी लोकांसमोर ठेवा, त्यांवर विचार करायला वेळ द्या, मग सही करा, एवढेच ते म्हणत होते. मे १८८३मध्ये अघोरनाथांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले. सरोजिनी तेव्हा चार वर्षांच्या होत्या. अघोरनाथांना पुढे परत बोलावण्यात आले, पण करार व्हायचा तो झालाच.

त्या करारातून जी कंपनी निघाली तिचे नाव होते 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनी'. या नावातला कळीचा शब्द आहे 'गॅरंटीड'. तो गाड्या वेळेवर धावण्याच्या हमीचा नाही, भागधारकांच्या व्याजाच्या हमीचा आहे. कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षे दरसाल पाच टक्के व्याज मिळेल, अशी हमी निजाम सरकारने दिली होती. रेल्वेने तेवढी कमाई केली तर ठीक. नाही केली, तर कमी पडणारी रक्कम संस्थानाच्या तिजोरीतून द्यायची. या तिजोरीत येणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा झरा म्हणजे जमीनमहसूल. आता साखळी जोडून पाहा. लंडनमधला एखादा सेवानिवृत्त अधिकारी किंवा विधवा बाई सुरक्षित गुंतवणूक म्हणून शेअर घेते. रेल्वे तोट्यात गेली तरी तिचे व्याज बुडत नाही, कारण कंधार किंवा बिलोलीचा शेतकरी ज्वारी आणि कापूस विकून सारा भरतो. जोखीम एकाची आणि लाभ दुसऱ्याचा. मिठाच्या निकषाने पाहिले तर कंपनीने मीठ खाल्ले ते मराठवाड्याचे आणि तेलंगणाचे. पण कंपनीच्या संचालकांची बैठक लंडनमध्ये भरत होती आणि हिशेब ऐकायला समोर बसत होते ते भागधारक. ज्याचे मीठ खाल्ले त्याला त्या बैठकीत खुर्चीच नव्हती.

याच कंपनीने एकोणिसावे शतक संपता संपता हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे बांधली. हैदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असा सुमारे ३९१ मैलांचा मार्ग मनमाडला जाऊन मिळाला. नांदेडचा कापूस मुंबईच्या टप्प्यात आला. मात्र हा मार्ग मीटरगेज होता आणि मनमाडहून मुंबईला जाणारा जी.आय.पी.चा मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे प्रत्येक गाठोडे मनमाडला एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. कमी खर्चात अधिक मैल बांधायचे तर मीटरगेज हे हिशेबी माणसाचे उत्तर होते. त्या हिशेबाची किंमत पुढची नव्वदेक वर्षे कोणी मोजली, याकडे आपण पुन्हा येऊ.

आता लातूर. इथली गोष्ट एका माणसाभोवती फिरते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी हे त्या काळी कापसाचे आणि तेलबियांचे भरभराटीचे पेठगाव होते, पण मुख्य रेल्वेमार्ग त्याला वगळून गेला होता. अडीच फूट रुंदीच्या अरुंद रुळांवर पुरेसा माल वाहता येतो, हे सिद्ध करायची कॅलथ्रॉपला जिद्द होती. १८९५ साली लंडनमध्ये 'बार्शी लाईट रेल्वे कंपनी' स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालत. १९०६ साली हा मार्ग पंढरपूरला पोचला. दुसऱ्या बाजूने १९०७मध्ये तो तडवळ्यापर्यंत आणि १९११मध्ये येडशी-ढोकी-मुरूड करत लातूरला पोचला. १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत तो वाढला, तेव्हा मिरज ते लातूर हा सारा मार्ग २०२ मैलांचा झाला. सोलापूर जिल्ह्यातून निघालेली ही गाडी निजामाच्या मुलखात शिरे. दोन राजवटी, दोन चलने आणि मधे जकातीची हद्द. कंपनी मात्र एकच होती आणि ती या दोहोंपैकी कुठलीच नव्हती.

लातूरचे आजचे रूप या छोट्या गाडीशिवाय समजत नाही. आडत बाजार, जिनिंग-प्रेसिंग, गूळ, डाळी आणि तेलबियांची उलाढाल यांना वेग आला तो रूळ आल्यावर. कंपनीने हे लातूरच्या प्रेमाने केले नाही. पण रूळ टाकल्यावर त्यांवरून काय जाईल हे सारे कंपनीच्या हाती राहत नाही. पंढरीचे वारकरी याच गाडीने गेले. याच मार्गावरच्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१मध्ये डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत, निजामाच्या हद्दीत, परिषद भरली. लंडनच्या ताळेबंदात अशा गोष्टींना रकाना नव्हता. लातूरच्या इतिहासात मात्र आहे. परक्या भांडवलाने काहीच दिले नाही, असे म्हणणे म्हणूनच खरे होणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याशी नव्हत्या, पण या कंपन्या निदान आपल्या मायदेशाशी तरी एकनिष्ठ होत्या का? पहिल्या दर्शनी उत्तर 'होय' असे येते. बार्शी लाईटची पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात घडली. डबे लीड्स फोर्जचे. हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी या गाड्यांचे प्रात्यक्षिकही लीड्सजवळच झाले. नफा लंडनला, मागणी लीड्सला आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजांना. दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीचे निःसारण म्हटले, त्याचे हे लहानसे पण स्वच्छ उदाहरण ठरेल.

पण याच्या पुढे पाहिले की चित्र बदलते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातल्या रेल्वेंसाठी काही इंजिने जर्मन कारखान्यांकडून घेतली गेली, तेव्हा ब्रिटनमध्ये ओरड झाली. इंग्रज भांडवलाच्या रेल्वेने जर्मनीला धंदा द्यावा काय, असा तो सवाल होता. उत्तर साधे होते: जर्मन कारखाने लवकर आणि स्वस्तात देत होते. मायदेशाची निष्ठा किमतीच्या फरकापर्यंतच टिकली.

दुसरे उदाहरण कॅलथ्रॉपचेच आहे. बार्शीच्या अनुभवावर त्याने १९०४ साली इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात अडीच फुटी रुळांचीच 'लीक अँड मॅनिफोल्ड' रेल्वे उभी केली. तिची इंजिनेही किटसनचीच आणि दिसायला वसाहतीतल्या इंजिनांसारखी. म्हणजे एकदा तरी बार्शीचे शहाणपण इंग्रजांच्या घरी गेले. पण ती रेल्वे पुरेसा धंदा देईना आणि १९३४ साली, पुरती तीस वर्षे होतात न होतात तोच, बंद झाली. तिच्या दरीतल्या गावांना कुणी 'आपले लोक' म्हणून सवलत दिली नाही. बार्शी-लातूरची गाडी मात्र पुढेही दीर्घकाळ धावत राहिली, कारण इथे माल होता आणि माणसे होती. भांडवलाला मायभूमी असते, हा समज स्टॅफर्डशायरच्या शेतकऱ्यालाही तितकाच महागात पडला.

दादाभाईंच्या ग्रंथाचे नाव इथे आठवते. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाच्या शीर्षकात हिंदुस्थानातल्या राजवटीला त्यांनी 'अन्-ब्रिटिश' म्हटले आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. ज्या न्यायतत्त्वांचा ब्रिटन अभिमान बाळगतो त्यांच्याशी ही राजवट द्रोह करते, असा तो आरोप होता. म्हणजे दादाभाईंनीही निष्ठेचाच प्रश्न विचारला, पण तो देशाबद्दल नव्हे, तत्त्वाबद्दल विचारला. कंपनी इंग्लंडला नफा पाठवते एवढ्याने ती इंग्लंडच्या तत्त्वांशी इमान राखते असे होत नाही, हे त्यांच्या मांडणीत अध्याहृत आहे.

याच काळातली एक घटना हा फरक उघड करते. निजामाच्या मुलखातल्या खाणींचा मक्ता घेऊन लंडनमध्ये 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' निघाली होती. तिच्या शेअरांच्या व्यवहारात घोटाळा झाल्याची हाकाटी झाली, तेव्हा १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने त्यावर चौकशी समिती नेमली. साक्षी झाल्या, कागद उघड झाले. आता ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहा. १८८३ साली हैदराबादेत 'कराराच्या अटी दाखवा' म्हणणाऱ्याला हद्दपारी मिळाली. १८८८ साली लंडनमध्ये तशाच एका कंपनीचे कागद सभागृहासमोर आले. दोन्हीकडच्या कंपन्यांचा स्वभाव वेगळा नव्हता. एकीकडे प्रश्न विचारणाऱ्या लोकांना सत्ता होती, दुसरीकडे नव्हती, इतकाच फरक होता. मायदेशाला कंपनीकडून जे मिळाले ते निष्ठेमुळे मिळाले नाही, विचारण्याच्या अधिकारामुळे मिळाले.

इथे एक आक्षेप संभवतो. कंपनी परकी म्हणून हे सारे झाले, मालकी आपल्याकडे आली की प्रश्न मिटतो, असे कुणी म्हणेल. स्वदेशीच्या चळवळीचा भावनिक आधार हाच होता. देवघरला जन्मलेल्या, बंगालीत लिहिणाऱ्या मराठी सखाराम गणेश देउस्करांच्या १९०४ सालच्या 'देशेर कथा'ने हा आधार बंगालभर पोचवला आणि सरकारला ते पुस्तक जप्त करावेसे वाटले. ती भावना खोटी नव्हती. पण नांदेडच्या रुळांचा पुढचा इतिहास तिला पुरता दुजोरा देत नाही.

१९३० साली निजाम सरकारने लंडनच्या कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. मालकी हैदराबादला आली. पण 'हैदराबाद' म्हणजे कोण? रेल्वे रयतेची झाली नाही, दरबाराची झाली. १९४७-४८ साली संस्थानातली जनता भारतात सामील होण्यासाठी लढत होती, तेव्हा ही 'घरची' रेल्वे त्या जनतेच्या नव्हे, दरबाराच्याच हुकमात होती. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर आणि संस्थान भारतात विलीन झाल्यावर ती भारतीय रेल्वेत आली. बार्शी लाईटही १९५४ साली भारत सरकारने घेतली. आता दोन्ही गावांचे रूळ आपल्याच देशाच्या, आपणच निवडलेल्या सरकारच्या मालकीचे झाले. तरी मनमाड-नांदेड मार्ग मीटरगेजच राहिला. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेसारख्यांना रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षे लढावे लागले. या मार्गावर ब्रॉडगेज आली ती १९९०च्या दशकात, आणि लातूरची अडीच फुटी लाईन कुर्डुवाडीपर्यंत रुंद व्हायला २००८ उजाडले. १९००च्या सुमाराला लंडनमध्ये वाचवलेल्या पैशाचे ओझे मुंबईचे आणि दिल्लीचे सरकारही मराठवाड्याच्या पाठीवरून लवकर उतरवू शकले नाही. स्वकीय मालकी आवश्यक होती, पण ती पुरेशी नव्हती. आपल्या सरकारकडूनही मागून, भांडून, कागद काढायला लावून घ्यावे लागले.

या रुळांचे एक अलीकडचे दृश्य मात्र विसरता येत नाही. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहर पाण्यावाचून होरपळत होते. ११ तारखेला मिरजेहून पाण्याने भरलेल्या दहा टाक्यांची गाडी निघाली आणि १२ तारखेच्या पहाटे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), लातूर. मधला काही वळसा सोडला तर ही वाट जुन्या बार्शी लाईटचीच होती. लातूरचा कापूस बाहेर नेण्यासाठी लंडनच्या कंपनीने आखलेल्या वाटेवरून शंभर वर्षांनी लातूरला पाणी आले. हे कंपनीचे पुण्य नव्हे आणि ते तिच्या खात्यावर लिहिण्याचे कारणही नाही. पण रूळ जेव्हा सार्वजनिक होतात आणि लोकांच्या गरजेपुढे सरकारला झुकावे लागते, तेव्हा त्याच लोखंडाचा अर्थ बदलतो, एवढे त्यातून दिसते.

आज लातूरपुढे हाच प्रश्न नव्या वेषात आला आहे. मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात डिसेंबर २०२०मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. २०२३ साली वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचा करार झाला. रशियाच्या ट्रान्समाशहोल्डिंग समूहातल्या कंपन्या आणि भारत सरकारची रेल विकास निगम यांच्या संयुक्त कंपनीने १२० गाड्या बांधायच्या आणि पस्तीस वर्षे त्यांची देखभाल करायची, त्यासाठी लातूरचा कारखाना वापरायचा, असे ठरले. भागभांडवल कुणाचे किती, यावरून आधी काही महिने ओढाताणही झाली. या समूहात एकेकाळी फ्रान्सच्या अल्स्टॉमचा वीस टक्के वाटा होता. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर पाश्चात्त्य कंपन्यांवर रशिया सोडण्याचा दबाव आला आणि २०२४च्या आरंभी अल्स्टॉम त्यातून बाहेर पडली. ही देशनिष्ठा म्हणावी की निर्बंधांच्या काळातला व्यवहार? दोन्ही उत्तरे देता येतील. लातूरच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. रशियन कंपनी रशियाशी एकनिष्ठ आहे की भारताशी, याचा शोध घेत बसण्यात अर्थ नाही. नोकऱ्या कुणाला, सुटे भाग कुठून, उशीर झाला तर दंड कुणाला, पस्तीस वर्षांत कंपनीने हात वर केले तर जबाबदारी कुणाची, हे कराराच्या कलमांत असते.

म्हणून मला वाटते, कंपनीकडे निष्ठेची मागणी करणे ही मुळात चूक आहे. मिठाला जागणे हा माणसाचा धर्म आहे. कंपनी ही कराराने जन्मते आणि कराराने वागते. तिच्याकडून मायदेशाला जे मिळते, परमुलखाला जे मिळते किंवा मिळत नाही, ते सारे त्या कागदात लिहिलेले असते, आणि तो कागद वाचण्याचा व त्यावर बोलण्याचा हक्क कुणाला आहे यावर ठरत असते. अघोरनाथांनी १८८३ साली कंपनीला 'तू आमच्याशी इमान राख' असे म्हटले नाही. त्यांनी आपल्या सरकारला 'अटी दाखव' असे म्हटले. या प्रश्नावरची हैदराबाद संस्थानातली ही सर्वांत समंजस मागणी होती, आणि तिची शिक्षा हद्दपारी होती.

साहित्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी याकडे का पाहावे, असे कुणी विचारेल. करार हाही एक पाठ असतो, आणि पाठ बारकाईने वाचणे हे आपले काम आहे. 'गॅरंटीड' या एका विशेषणात वीस वर्षांचा सारा दडलेला होता. ते विशेषण त्या वेळी नांदेडात कुणी मराठीत उकलून सांगितले असते, तर पुढे काय झाले असते हे सांगता येत नाही. पण नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे, आणि तिथे शिकणाऱ्या मुलांच्या गावावरून आज नवे करार जात आहेत. त्यांतली विशेषणे उकलून सांगणारे यावेळी तरी हद्दीच्या आत असावेत.